किडनी अधू असताना हृदय कसे जपावे? – वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

किडनीच्या दीर्घ आजाराबद्दल येणारी बहुतेक पत्रे ‘क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ घटक; किडनी कमी गाळू लागली की वाढतो) इतके आहे’ इथून सुरू होतात आणि ‘डायलिसिस कधी लागेल?’ इथे संपतात. हृदयाचा विषय मध्येच कुठेतरी राहून जातो. वास्तविक या आजारात पुष्कळ जणांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार गाठतो. म्हणून या वेळी हृदयाशी संबंध असलेली पत्रेच घेतली आहेत. उत्तरांत औषधांची नावे येतील. ती तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावीत यासाठी आहेत, आपल्या मनाने गोळी सुरू किंवा बंद करण्यासाठी नाहीत.

प्रश्न : माझे वय ५३. ई-जीएफआर (किडनीच्या गाळण्याचा अंदाजे वेग) ४८ आहे आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २१०. डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितले आणि कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. माझे कोलेस्टेरॉल तर रिपोर्टमध्ये नॉर्मल आहे, छातीतही कधी दुखलेले नाही. किडनीच्या आजाराला हृदयाचे औषध कशाला?

छातीत दुखत नाही म्हणून हृदय ठणठणीत आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. किडनीविकारात हृदय सुरुवातीला दुखत नाही. आधी त्याची भिंत जाड होते आणि रक्तवाहिन्या ताठर होतात, आणि हे वर्षानुवर्षे मुकाट्याने चालू असते.

तुमचा ई-जीएफआर ४५ ते ५९ मध्ये, म्हणजे ३-अ टप्प्यात बसतो. पण दुसरा आकडा तितकाच बोलका आहे. हे गुणोत्तर ३० च्या खाली असावे. ३० ते ३०० म्हणजे मध्यम गळती, ३०० च्या वर म्हणजे मोठी. किडनीच्या चाळणीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन गळते आहे याचा अर्थ तिथल्या सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर बिघडले आहे, आणि तसलेच अस्तर हृदयाच्या व मेंदूच्या वाहिन्यांनाही असते. त्यामुळे ई-जीएफआर चांगला असूनही लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर हृदयाचा धोका वाढलेला असतो. अनेक जण दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन करतात आणि ही लघवीची तपासणी एकदाही करत नाहीत. ती सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर आकडा उगाच फुगतो.

आता हृदयाकडे. किडनी मीठ-पाणी नीट बाहेर टाकत नाही, म्हणून रक्तदाब चढतो. चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड भिंत आकुंचन पावते, पण नीट सैलावत नाही. मग कप्पा पुरता भरत नाही आणि जिना चढताना धाप लागते. इको सांगितला आहे तो हे पाहण्यासाठी. दुसरीकडे फॉस्फेट आणि पॅराथॉर्मोन (कॅल्शियम-फॉस्फेट सांभाळणारे संप्रेरक) वाढत गेले की रक्तवाहिनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साठते. वाहिनी रबरी नळीसारखी राहत नाही, लोखंडी पाइपासारखी होते. अशा माणसाचा रक्तदाब १६५/६५ असा दिसतो : वरचा आकडा जास्त, खालचा कमी. ‘खालचा तर छान आहे’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. हृदयाला स्वतःचे रक्त मात्र प्रामुख्याने ते सैलावलेले असताना, म्हणजे खालच्या आकड्याच्या वेळीच मिळते. वरचा आकडा चढणे हा हृदयावरचा बोजा, आणि खालचा घसरणे ही त्याची उपासमार.

गोळीबद्दल. किडनीविकारात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात आणि एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) घटते. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बहुधा ‘नॉर्मल’च दिसते, म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून निर्णय घेत नाहीत. वय ५० किंवा त्याहून जास्त आणि दीर्घकालीन किडनीविकार असेल, तर डायलिसिसवर नसलेल्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, द्यावे, असा मार्गदर्शक सूचनांचा सल्ला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत सुमारे ९,२७० किडनीरुग्णांना सिम्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम आणि इझेटिमाइब १० मिलिग्रॅम किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिले. औषध घेणाऱ्यांत रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारे मोठे आजार १७ टक्क्यांनी कमी झाले. ॲटोर्व्हास्टॅटिनचा डोस किडनीसाठी कमी करावा लागत नाही. रोसुव्हास्टॅटिन मात्र ई-जीएफआर ३० च्या खाली गेल्यावर दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. मांड्या-दंडांत नवे, दोन्ही बाजूंना सारखे दुखणे सुरू झाले किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर लगेच कळवा. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. आधी हृदयविकाराचा झटका, स्टेंट किंवा पक्षाघात झालेला असेल तर ती हवी; ‘खबरदारी म्हणून’ आपली आपण सुरू करू नका, कारण किडनीविकारात रक्तस्रावाची भीती मुळातच जास्त असते.

प्रश्न : घरी बीपी मोजतो. एकदा १५२ येते, दहा मिनिटांनी १२८. दवाखान्यात १६० सुद्धा येते. यातले खरे कोणते मानायचे? आणि किती असायला हवे?

बहुतेक वेळा दोष मोजण्याच्या पद्धतीत असतो. पद्धत सुधारली की आकडे आपोआप माणसाळतात.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवी करून या. भरलेले मूत्राशय आकडा सहज वाढवते. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसा. गप्प म्हणजे खरोखर गप्प. फोन नाही, गप्पा नाहीत. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला येईल. हात मांडीवर राहिला तर आकडा खोटाच जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटे. त्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा हे चुकीच्या ‘हाय बीपी’चे फार मोठे कारण आहे, म्हणून टेपने दंड मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. मनगटावरची यंत्रे ताठर वाहिन्यांच्या रुग्णांत भरवशाची नसतात. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हातावर पट्टा कधीच बांधू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस, सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. आलेला प्रत्येक आकडा लिहा, आवडला नाही म्हणून गाळू नका. पहिला दिवस सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. तुमचे खरे बीपी ते. आठवड्यातून एकदा उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनीही मोजा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर औषध वाढवण्याआधी हे डॉक्टरांना माहीत असायला हवे, कारण मधुमेही आणि वयस्क माणसे अशाने पडतात.

किती हवे, यावर दोन आकडे ऐकू येतात. किडनीविकाराच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, वर सांगितलेल्या काटेकोर पद्धतीने दवाखान्यात मोजल्यास वरचा आकडा १२० च्या खाली असावा असे म्हटले आहे. इतर अनेक ठिकाणी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य धरतात. आमचे मत असे की १२० चे लक्ष्य घाईघाईत घेतलेल्या एका आकड्यावर लावू नये. त्यातून गोळ्या वाढतात आणि माणूस चक्कर येऊन पडतो. आधी मोजमाप नीट, मग लक्ष्य.

प्रश्न : टेल्मिसार्टन सुरू केल्यावर तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.८ वरून २.१ झाले. गोळी किडनी खराब करते आहे असे वाटून मी ती बंद केली. बरोबर केले ना?

नाही. असे करणारे तुम्ही एकटे नाही, आणि भीती समजण्यासारखी आहे. पण ज्या गोळीने किडनी आणि हृदय दोन्ही जपले जातात नेमकी तीच अशा वेळी सुटते.

किडनीच्या प्रत्येक गाळणीत रक्त नेणारी एक वाहिनी आणि बाहेर काढणारी एक वाहिनी असते. आजारी किडनीत बाहेरची वाहिनी आवळलेली राहते, त्यामुळे गाळणीत दाब चढतो. या दाबाने आज गाळणे जास्त होते, पण गाळणी झिजते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे बाहेरची वाहिनी सैल करतात. दाब उतरतो, गाळणे थोडे कमी होते आणि क्रिएटिनिन जरासे वर सरकते. ही वाढ म्हणजे बहुधा औषध काम करत असल्याचीच खूण असते.

मर्यादा ठरलेली आहे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे. चार आठवड्यांत क्रिएटिनिनची वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल तर गोळी चालू ठेवतात. तुमच्या १.८ ची ३० टक्के वाढ म्हणजे २.३४. तुम्ही २.१ वर आहात, म्हणजे वाढ १७ टक्क्यांच्या आसपास. वाढ ३० च्या वर गेली, तरी आधी कारण शोधतात : जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले आहे का, लघवीची गोळी जास्त होते आहे का, वेदनाशामक चालू आहे का, किडनीच्या धमनीत अरुंदपणा आहे का. आज रक्त तपासून घ्या आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. बहुधा ते गोळी परत सुरू करतील.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ या दोन गटांतली औषधे एकत्र घेत नाहीत. ही जोडी देऊन पाहणारी, २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी पोटॅशियम वाढल्याने व किडनीला अचानक इजा झाल्याने मध्येच थांबवावी लागली होती. दोन डॉक्टरांकडे उपचार चालू असले की हा घोळ होतो, म्हणून सगळ्या पाकिटांची पिशवी प्रत्येक भेटीला सोबत न्या. दुसरे, जोरदार उलट्या-जुलाब होत असतील, खाणे-पिणे थांबले असेल, तर अशा दिवसांत ही गोळी, लघवीची गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली गोळी (तिच्याबद्दल पुढे) यांतल्या कोणत्या थांबवायच्या, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांत त्या परत सुरू करण्याची आठवणही त्याच कागदावर असू द्या. थांबवलेली गोळी कायमचीच विसरली जाते, हे आम्ही वारंवार पाहतो.

प्रश्न : हृदयासाठी चांगले म्हणून कमी सोडियमचे मीठ आणले आहे. माझ्या सासऱ्यांचा ई-जीएफआर २८ आहे, लोसार्टन चालू आहे. त्यांना हे मीठ चालेल?

चालणार नाही. डबा आजच बाजूला ठेवा.

या मिठात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. किडनी चांगली असलेल्याला ते चालते. सासऱ्यांची किडनी पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकत नाही आणि लोसार्टनही ते अडवते. चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले ५ ग्रॅम मीठ खाल्ले तर रोज सुमारे ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम जास्तीचे पोटात जाते. रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे. ५.५ च्या वर गेले की आहार-औषध बदलावे लागते. ६ च्या वर तातडीने ईसीजी करावा लागतो, आणि ६.५ म्हणजे सरळ आणीबाणी. वाईट भाग असा की माणसाला बरेचदा काहीच जाणवत नाही. थोडा अशक्तपणा, पाय जड, आणि एकदम हृदयाचा ठोका बिघडतो. हे मीठ सासऱ्यांच्या पोटात गेले असेल तर दोन दिवसांत पोटॅशियम तपासून घ्या. रक्त काढताना पट्टा फार वेळ आवळलेला राहिला, मूठ पुन्हा पुन्हा आवळली किंवा नमुना पोहोचायला उशीर झाला, तर पोटॅशियम खोटे जास्त येते. पण ‘खोटेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी पुन्हा तपासा.

मग मिठाचे काय? साधेच मीठ, पण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतले मीठही धरायचे. एका माणसाचे दिवसाचे मीठ सकाळी वाटीत काढून ठेवा आणि संध्याकाळपर्यंत त्यातूनच वापरा, हिशेब डोळ्यांसमोर राहतो. पाकिटावर सोडियम लिहिलेले असते, मीठ नाही. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ, असा पदार्थ खारटच समजा, जिभेला गोड लागला तरी. १२० मिलिग्रॅमच्या खाली असेल तो बिनधास्त. त्याच पाकिटावर घटकांच्या यादीत कुठेही ‘फॉस्फ’ ही अक्षरे किंवा ३३८ ते ३४३, ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर तो पदार्थ परत ठेवा. धान्य-डाळींतले फॉस्फरस शरीर निम्म्याच्या आसपास शोषते, तर असे मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सगळे.

सोडियम औषधांतूनही येते. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसाला चार गोळ्या घेतल्या तर जेवणात मीठ कमी करून वाचवलेले सगळे परत आले. ॲसिडिटीच्या फसफसणाऱ्या पावडरीही तशाच. रक्तातले आम्ल कमी करण्यासाठी डॉक्टरांनी सोडियम बायकार्बोनेट दिले असेल तर ते मात्र बंद करू नका.

पथ्य खरोखर पाळले जाते का, हे पाहायचे असेल तर २४ तासांच्या लघवीतले सोडियम मोजता येते. ८७ मिलिमोल म्हणजे २ ग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. या तपासणीला फार लोक जात नाहीत, पण ‘आम्ही मीठ खातच नाही’ या समजाला तिच्याइतके चोख उत्तर दुसरे नाही.

प्रश्न : गुडघे दुखतात. हृदय आणि किडनी दोन्हींना चालेल अशी वेदनाशामक गोळी कोणती?

साधी, न फसफसणारी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातल्या गोळ्या टाळा, ‘फक्त दोन दिवस’ सुद्धा. त्या किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी आवळतात, मीठ-पाणी अडवतात, बीपी वाढवतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. बीपीची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गोळी, लघवीची गोळी आणि या वेदनाशामकांतली एक असे त्रिकूट जमले तर काही दिवसांत किडनी बसू शकते. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही ही औषधे असतात. पाकीट उलटून वाचा. दुखऱ्या भागापुरते लावायचे मलम हा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा मार्ग, तोही विचारून.

प्रश्न : वडिलांचे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस होते. ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचे वजन) ६० किलो. दर वेळी साडेतीन-चार किलो वाढलेले असतात. शेवटच्या तासात बीपी पडते, पायात गोळे येतात. ‘पाणी कमी प्या’ असे सगळे सांगतात, पण त्यांना तहान आवरत नाही. हृदयावर याचा परिणाम होतो का?

होतो, आणि फार होतो. आधी हिशेब पाहू. ३.६ लिटर पाणी चार तासांत काढायचे म्हणजे तासाला ९०० मिलिलिटर. ६० किलोंनी भागले की किलोमागे तासाला १५ मिलिलिटर. हा वेग १३ च्या वर गेला की मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. कारण वाहिन्यांतून पाणी ज्या वेगाने उपसले जाते त्या वेगाने ऊतींतले पाणी आत येत नाही. बीपी पडते, आणि हृदयाच्या स्नायूला तेवढा वेळ रक्त कमी पडते. आठवड्यातून तीनदा असे होत राहिले तर स्नायूचे काही भाग कायमचे सुस्त होतात. त्यांच्या वजनाला १३ चा हिशेब लावला तर चार तासांत सुमारे ३.१ लिटर ही वरची हद्द. दोन डायलिसिसमधली वाढ ड्राय वेटच्या ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २.४ किलो ठेवता आली तर उत्तम.

आता तहान. ती मिठातून येते, म्हणून नुसते पाणी तोडून काही साधत नाही. रक्तात मिठाचे प्रमाण लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम असते. वडिलांनी ९ ग्रॅम मीठ खाल्ले की शरीर ते पातळ करण्यासाठी एक लिटर पाणी मागणारच, त्यात त्यांचा दोष काहीच नाही. म्हणून आधी मीठ कमी करा, तहान दोन-तीन आठवड्यांत उतरते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणा, वाढलेली साखरही तहान पेटवते. पाण्याचे प्रमाण साधारणपणे २४ तासांत होणारी लघवी अधिक ५०० मिलिलिटर असे धरतात. ते एका खुणेच्या बाटलीत सकाळी भरून ठेवा. चहा, दूध, पातळ भाजी यांच्याइतके पाणी त्यातून कमी करा. लहान पेला वापरा, गोळ्या जेवणाच्या घासासोबत घेऊ द्या, तोंड कोरडे पडले की चूळ भरून टाकू द्या.

वाढ जास्त झाली आहे त्या दिवशी वेळ वाढवून मागा. अर्धा तास जास्त बसणे वडिलांना नकोसे वाटेल, पण साडेचार तासांत तेच ३.६ लिटर १३.३ च्या वेगाने निघतात. गोळे आले म्हणून लवकर उठणे हा मार्ग उलटा आहे : पाणी अंगातच राहते आणि पुढच्या वेळी आणखी उपसावे लागते. शेवटच्या तासात नेहमीच बीपी पडत असेल तर ड्राय वेट पुन्हा तपासायला सांगा. भूक वाढून अंगात खरे मांस भरले असेल तर जुने ६० चे लक्ष्य चुकीचे ठरते. उलट, माणूस वाळला असेल तर जुन्या लक्ष्यावर पाणी अंगातच राहते आणि बीपी चढते राहते.

आठवड्यातल्या दोन दिवसांच्या सुट्टीला सर्वांत जपा. त्या लांब खंडानंतर हृदयाच्या घटना आणि मृत्यू इतर दिवसांपेक्षा जास्त होतात, कारण पाणी आणि पोटॅशियम दोन्ही साठलेले असते. त्या दोन दिवसांत फळांचे रस पूर्ण बंद. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी टाकून द्या. स्टॅटिनबद्दलही विचारून ठेवा : डायलिसिस सुरू होण्याआधीपासून चालू असेल तर ते चालू ठेवतात, डायलिसिसवर आल्यानंतर नव्याने सुरू करून फायदा झाल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह, ई-जीएफआर २६. चार पावले चालल्या की दम लागतो, छातीत मात्र दुखत नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) थोडे जास्त आले. डॉक्टर अँजिओग्राफीबद्दल बोलले. त्यातल्या डायने (क्ष-किरणात वाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते द्रव्य) किडनी जाईल म्हणून घरातले नको म्हणतात.

दम लागणे हेच त्यांचे ‘छातीत दुखणे’ असू शकते. मधुमेह आणि किडनीविकार दोन्ही असले की हृदयाची वेदना पुष्कळदा धाप, दरदरून घाम, मळमळ किंवा अचानक गळून गेल्यासारखे वाटणे अशा रूपात येते.

किडनीविकारात ट्रोपोनिन कायमच थोडे जास्त असू शकते. म्हणून एका आकड्यावर काही ठरत नाही. काही तासांनी दुसरा नमुना घेतात. दोन्हींत २० टक्क्यांहून जास्त चढउतार असेल तर हृदयाच्या स्नायूला ताजी इजा होते आहे असे मानतात. आकडा जागच्या जागी असेल तर कारण जुने. ‘किडनीमुळे असेल’ हे वाक्य दुसऱ्या नमुन्याआधी स्वीकारू नका. जुने रिपोर्ट जवळ असतील तर तेही दाखवा.

अँजिओग्राफीचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. हृदयविकाराचा झटका चालू असेल तर डायच्या भीतीने तपासणी टाळणे हीच मोठी चूक. तिथे जीव वाचवणे आधी. पण त्रास जुना आणि स्थिर असेल तर घाई नाही. २०२० च्या ‘इस्केमिया-सीकेडी’ चाचणीत ई-जीएफआर ३० च्या खालचे किंवा डायलिसिसवरचे ७७७ रुग्ण होते. स्थिर आजारात लगेच अँजिओग्राफी करून मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत, नीट औषधोपचारावरचे रुग्ण तितकेच टिकले. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच : ‘हा त्रास ताजा आहे की स्थिर?’

करायचे ठरले तर डाय कमीत कमी वापरण्याची विनंती करा. वेदनाशामके आधीच बंद हवीत. ई-जीएफआर २६ ला मेटफॉर्मिन मुळातच चालू नसावे, असेल तर लगेच सांगा. आधी-नंतर सलाइन देतात, पण हृदय कमजोर असेल तर तेही मोजून. क्रिएटिनिन ४८ ते ७२ तासांनी परत तपासा. पुढे डायलिसिसची शक्यता असेल तर मनगटातून जायचे की मांडीतून, हेही किडनीच्या डॉक्टरांना आधी विचारा. मनगटाची धमनी आणि हाताच्या शिरा उद्याच्या फिस्टुलासाठी लागतात, आणि हे विचारायचे फार वेळा राहून जाते.

प्रश्न : मला मधुमेह नाही, तरी डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम लिहून दिले आहे. ही तर साखरेची गोळी ना?

सुरुवात साखरेच्या गोळीची, काम आता त्यापलीकडचे. २०२० च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीतल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. त्यांनाही फायदा झाला. किडनी उतरण्याचा वेग मंदावतो, आणि हृदय निकामी होऊन रुग्णालयात जाणे कमी होते. ई-जीएफआर २० किंवा जास्त असताना सुरू करतात. पहिल्या काही आठवड्यांत ई-जीएफआर थोडा उतरतो, टेल्मिसार्टनच्या उत्तरात सांगितलेल्याच कारणाने, तेव्हा घाबरू नका. लघवीतून साखर जात असल्याने जननेंद्रियांच्या जागी बुरशी होऊ शकते. रोज पाण्याने धुऊन कोरडे ठेवा, खाज सुटली की लाजून थांबू नका. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी आणि काही खाता येत नसेल तेव्हा ही गोळी थांबवतात. मधुमेहींना अशा वेळी, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात घातक आम्ल साठू शकते.

प्रश्न : घोट्याला सूज येते. लघवीची गोळी वाढवली तरी उतरत नाही. हृदय कमजोर झाले म्हणायचे का?

आधी गोळ्यांची यादी पाहा. तीत ॲम्लोडिपिन असेल तर ही सूज तिची असू शकते. ती घोट्याभोवती असते, संध्याकाळी वाढते, वजन मात्र वाढत नाही, आणि लघवीच्या गोळीला ती दाद देत नाही. अशा सुजेसाठी लघवीची गोळी वाढवत गेले की नुसते पाणी तुटते आणि क्रिएटिनिन चढते. उपाय म्हणजे ॲम्लोडिपिनचा डोस कमी करणे किंवा औषध बदलणे.

पाणी साठल्याची सूज वजनात दिसते. रोज सकाळी, लघवी करून, काही खाण्यापिण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत, टणक फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर वजन करा आणि लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणीच. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री उशा वाढवाव्या लागणे, झोपेतून धाप लागून उठून बसावे लागणे, आडवे झाले की खोकला येणे या खुणा असतील तर वजनाची वाट पाहू नका.

प्रश्न : हिमोग्लोबिन ९.६ आहे. इंजेक्शने वाढवून ते १४ वर नेता येईल का? आणि एवढ्या अशक्तपणात चालायला जावे का?

१४ वर नेऊ नका. एरिथ्रोपोएटिनच्या (रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) इंजेक्शनने हिमोग्लोबिन १३ च्या वर नेल्यावर फायद्याऐवजी त्रास वाढल्याचे २००६ आणि २००९ च्या मोठ्या चाचण्यांत दिसले. २००९ च्या चाचणीत तर पक्षाघात जवळजवळ दुप्पट झाले. साधारण १० ते ११.५ पुरेसे. इंजेक्शनाआधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या झाल्या आहेत ना ते पाहा. लोह कमी असेल तर इंजेक्शन कितीही घ्या, रक्त बनायला कच्चा मालच नसतो. आधी लोह, गरज पडली तर शिरेतून. इंजेक्शनाने बीपी चढते, म्हणून ते चालू असताना घरचे मोजमाप सोडू नका.

चालायला जरूर जा. आठवड्याला एकूण १५० मिनिटे हे लक्ष्य आहे, पण सुरुवात दिवसातून दोनदा दहा मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, इतका वेग. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. किडनीविकारात मांड्यांचे स्नायू लवकर झिजतात. ताप असेल, वरचे बीपी १८० च्या पुढे असेल, किंवा डायलिसिस चुकले असेल, त्या दिवशी नको. चालताना छातीत दाटले, धाप लागली किंवा घेरी आली तर जागीच बसा. पाच मिनिटांत ओसरले नाही तर रुग्णवाहिका बोलवा, आणि किडनीचा आजार आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.